म्हाताऱ्याचे तोंड आणि विद्यार्थ्याचा हात



वसंतातल्या व्याख्यानांना इतिहास, काव्य, अध्यात्म असे विषय शोभून दिसतात. अशा ठिकाणी कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने उभे राहून दातांविषयी बोलावे, आणि तेही म्हाताऱ्यांच्या पडलेल्या दातांविषयी, हे आपल्याला थोडे चमत्कारिक वाटेल. माझे शाळेतले शिक्षण बेताचेच झाले. पुढचे जे काही वाचन झाले ते हिंगणघाटच्या युनियनच्या कचेरीत, रात्रपाळी सुटण्याची वाट पाहत. तेव्हा वैद्यकाचा अधिकार माझ्याकडे नाही, हे आधीच कबूल करतो. तथापि दाताचा इतिहास हा पुष्कळसा मजुरीचा आणि कायद्याचाही इतिहास आहे, आणि त्या वाटेने मी या विषयाकडे आलो.

हिंगणघाट हे कापसाचे गाव. वणा नदीच्या काठच्या या बाजारपेठेचे नाव गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात इंग्लंडच्या व्यापाऱ्यांना कापसाच्या एका जातीचे नाव म्हणून ठाऊक होते. पुढे येथे गिरण्या निघाल्या आणि कापूस पिकवणाऱ्यांच्या शेजारी तो कातणारा व विणणारा कामगार उभा राहिला. माझे वडील विणकाम खात्यात होते. जुन्या मागावर धोट्यात नवी कांडी घातली, की तिचे सूत धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढावे लागे. बोटांनी हे काम सावकाश होई, आणि मजुरी तर कापडाच्या वारावर. म्हणून विणकर धोटा ओठांशी नेई आणि श्वास आत ओढून सूत खेचून घेई. दिवसातून कितीतरी वेळा हा प्रकार चाले. सुताबरोबर तंतू, धूळ, तेलही तोंडात जाई, आणि एकाच्या ओठाचा धोटा दुसऱ्याच्या ओठाला लागे. लँकेशायरचे कामगार या प्रकाराला थट्टेने ‘धोट्याचे चुंबन’ म्हणत. तिकडच्या विणकरांचे पुढचे दात लवकर किडतात अशी तक्रार फार जुनी होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली या पद्धतीला बंदी केली. खुद्द इंग्लंडात ती बंदी यायला १९५२ साल उजाडले.

मागाने वडिलांकडून दुसरीही एक वस्तू घेतली, ती म्हणजे कान. शेकडो माग एकदम चालू असलेल्या खात्यात शब्द ऐकू येत नाही. तिथे माणसे एकमेकांच्या ओठांकडे पाहून बोलतात. माझे वडील निवृत्त झाले तेव्हा त्यांना घरातले बोलणे अर्धे कानाने आणि अर्धे डोळ्याने कळत असे. ही गोष्ट लक्षात असू द्यावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. दंतवैद्यक शिकणारा विशीतला विद्यार्थी आणि त्याच्यापुढे खुर्चीत बसलेला सत्तरीचा रोगी, या दोघांचे नाते कसे घडले? त्या विद्यार्थ्याच्या हाताला आत्मविश्वास कोठून येतो? आणि म्हाताऱ्या रोग्याविषयी त्याच्या मनात जी आस्था किंवा अनास्था असते, तिचा त्या आत्मविश्वासाशी काही संबंध आहे काय? माझे म्हणणे असे आहे, की या दोन गोष्टी एकाच धाग्याच्या आहेत. ज्या कामाची भीती वाटते त्या कामाचा माणूस तिरस्कार करू लागतो, आणि ती भीती उपदेशाने न जाता कामाची व्यवस्था बदलल्याने जाते.

विद्यार्थ्याच्या हाताची चिंता आपल्याकडे फार प्राचीन आहे. सुश्रुताने मुखाचे ६५ रोग सांगितले आणि शस्त्रांच्या यादीत दंतशंकू नावाचे शस्त्रही दिले. पण मला त्याहून मोलाचे वाटते ते त्याने शिष्याच्या सरावाविषयी सांगितले ते. शास्त्र सगळे पाठ असले तरी हाताने सराव न केलेला शिष्य कर्माला अयोग्य, असा त्याचा निर्वाळा आहे. कापण्याचा सराव भोपळ्यावर आणि काकडीवर करावा. उपटून काढण्याचा सराव फणसाच्या व बेलाच्या गरावर आणि मेलेल्या जनावरांच्या दातांवर करावा, असे तो सांगतो. म्हणजे जिवंत माणसाच्या तोंडात हात घालण्यापूर्वी शिष्याची भीती आणि चूक दोन्ही फळावर खर्च व्हाव्यात, ही दृष्टी त्या काळी होती.

पुढच्या काळात ही परंपरा खेडोपाडी उरली नाही. दात दुखला की न्हावी, वैदू किंवा आठवड्याच्या बाजारात चटई टाकून बसणारा दात काढणारा, हीच सोय होती. म्हाताऱ्याचे दात तर कोणी औषधाचा विषय मानतच नसे. केस पिकावे तसे दात पडावे, असा समज. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण नशिबावर बेतलेली आहे. पण तिने दात जाणे हे वयाचे अटळ फळ मानून टाकले, आणि आपणही ते मानले.

आमच्या वर्धा जिल्ह्याचा सर्वांत प्रसिद्ध म्हातारा बोळका होता. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले तेव्हा त्यांचे वय ६६ होते. त्यांचे ते दात नसलेले मोकळे हसू साऱ्या जगाने छायाचित्रांत पाहिले. ते कवळी वापरीत, पण ती मुख्यतः जेवणापुरती. एरवी ती काढून ठेवीत. मोठमोठे परदेशी पाहुणे समोर असताना त्यांना आपल्या बोळकेपणाची लाज वाटली नाही. त्यांचा एक दात दिल्लीच्या राष्ट्रीय गांधी संग्रहालयात जपून ठेवला आहे. महात्म्याचा दात संग्रहालयात जातो. विणकराचा दात तंबाखूच्या पिंकेबरोबर मोरीत जातो. यात तक्रार कसली? पण ज्याच्या तोंडाला समाज मान देतो त्याचे बोळकेपण गोजिरे दिसते, आणि ज्याला देत नाही त्याचे केविलवाणे, एवढे मात्र यावरून समजते.

दंतवैद्यकाचे आधुनिक शिक्षण हिंदुस्थानात सुरू झाले ते १९२० साली, कलकत्त्यास. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी तेथे पहिले दंत महाविद्यालय काढले. मुंबईत नायर दंत महाविद्यालय १९३३ साली सुरू झाले. विदर्भात नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ साली आले, आणि आमच्या जिल्ह्यात सावंगीचे महाविद्यालय १९९१ साली. या तारखांमधले अंतर पाहा. कलकत्त्याहून वर्धेला यायला या विद्येला ७१ वर्षे लागली.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने देशाच्या आरोग्याचा जो प्रसिद्ध हिशेब मांडला त्यात शिकलेले दंतवैद्य सुमारे १,००० भरले. म्हणजे ३ लाख लोकांमागे एक. डॉक्टर त्या वेळी ६,३०० लोकांमागे एक होता. अशा टंचाईत अभ्यासक्रम कोणासाठी आखला जाणार? माणसाचे सरासरी आयुष्यच तिशीच्या आसपास होते. शाळकरी पोराची कीड, तरुणाची दुखरी दाढ, आणि ती काढणे, हेच काम डोंगराएवढे होते. म्हातारा त्या पुस्तकात आला तो एकाच प्रकरणात: दात नसलेला जबडा, ज्यावर कवळी बसवायची. म्हणजे विद्यार्थ्याला म्हातारा माणूस भेटला तो मुळात एक रिकामा साचा म्हणून. त्या काळच्या गरजेप्रमाणे ही मांडणी समजण्यासारखी होती. दोष इतकाच, की गरज बदलली तरी मांडणी पुष्कळशी तशीच राहिली.

१९४८ हे साल कामगारांच्या आणि दंतवैद्यांच्या इतिहासात मोठे विलक्षण आहे. २९ मार्चला दंतवैद्य कायदा झाला. १९ एप्रिलला कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. २३ सप्टेंबरला कारखाने कायदा झाला. दंतवैद्य कायद्याने धंद्याची नोंदवही केली आणि तिचे भाग पाडले: ‘अ’ भागात पदवीधर, आणि ‘ब’ भागात पदवी नसलेले पण काही वर्षे हाच ज्यांचा पोटापाण्याचा मुख्य धंदा होता ते. हाताने शिकलेल्यांना कायद्याने एकदा सामावून घेतले आणि पुढे दार लावून घेतले. मी स्वतः हाताने आणि कानाने शिकलेला माणूस, म्हणून त्या ‘ब’ भागाविषयी मला जिव्हाळा वाटतो. तरी दार लावले ते योग्यच झाले, असेही मी म्हणतो. कारण अडाणी हाताची किंमत नेहमी गरिबाच्या तोंडाने चुकवलेली असते.

त्याच वर्षी ५ जुलैला इंग्लंडात राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तिचा कर्ता अन्यूरिन बेव्हन हा वेल्समधल्या ट्रेडेगर गावच्या खाणकामगाराचा मुलगा. शाळा सोडून कोवळ्या वयात स्वतःही खाणीत उतरलेला. सेवा सुरू होताच दवाखान्यांपुढे रांगा लागल्या त्या मोठ्या ऑपरेशनांसाठी नव्हेत. लोकांना चष्मे हवे होते आणि कवळ्या हव्या होत्या. वर्षानुवर्षे हिरड्यांनी पाव चघळणारी कामकऱ्यांची एक पिढी एकदम उजेडात आली. सरकारने योजिलेला खर्च कोठल्या कोठे गेला. मग १९५१ साली शस्त्रसज्जतेसाठी पैसा हवा म्हणून अर्थमंत्री गेट्स्केल यांनी कवळ्या आणि चष्मे यांवर आकार बसवला, आणि एप्रिल महिन्यात बेव्हनने मंत्रिपदाचा राजीनामा दिला. म्हाताऱ्यांच्या कवळीवरून मंत्र्याने खुर्ची सोडल्याचे असे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. आमच्याकडे बोनसावरून, महागाई भत्त्यावरून संप झाले. कवळीवरून एखादा ठरावही झाल्याचे मला आठवत नाही. हा दोष इतरांचा नाही. तो आम्हा संघटनावाल्यांचा आहे.

आता कवळी कशी होते ते थोडक्यात सांगतो, कारण विद्यार्थ्याचा आत्मविश्वास या कामात घडतो. पूर्वी कवळ्या व्हल्कनाइटच्या, म्हणजे कडक केलेल्या रबराच्या असत. १९३७ च्या सुमारास अॅक्रिलिक आले आणि तेच पुढे रूढ झाले. काम मात्र एका बैठकीचे नाही. प्रथम दोन्ही जबड्यांची मापे घ्यायची, त्यावरून प्लास्टरचे साचे करायचे. मग मेणाच्या कडा बसवून वरचा व खालचा जबडा एकमेकांशी कसे मिळतात ते ठरवायचे. मग मेणात दात लावून तोंडात घालून पाहायचे. मग भट्टी, घासणे, चकाकी, आणि शेवटी बसवणे. बसवल्यावरच खरे काम सुरू होते. कारण कवळी कोठे टोचते, बोलताना कोठे सुटते, भाकर चावताना कोणत्या बाजूने उचलते, हे फक्त ती घालणाराच सांगू शकतो.

यातली खालची कवळी फार हट्टी असते. दात काढल्यानंतर जबड्याचे हाड वर्षानुवर्षे झिजत जाते. टॅलग्रेन यांनी पंचवीस वर्षे रोग्यांचा मागोवा घेऊन १९७२ साली दाखवले, की खालच्या जबड्याची ही झीज वरच्याच्या सुमारे चौपट असते. म्हणून वीस वर्षे बोळका राहिलेल्या म्हाताऱ्याची खालची कवळी बसवताना भल्याभल्यांचा कस लागतो. आणि आपल्याकडे हे काम येते कोणाकडे? पदवीसाठी ठराविक संख्येने कवळ्या पुऱ्या करायच्या असलेल्या विद्यार्थ्याकडे. त्याच्या भाषेत त्याला ‘कोटा’ म्हणतात. गिरणीतल्या उत्पादनाच्या कोट्याशी आमचा जन्माचा परिचय असल्यामुळे हा शब्द ऐकून मला नवल वाटले नाही.

शेवटच्या परीक्षेला तर दात नसलेला रोगी समोर हजर लागतो. तो त्या दिवशी आला नाही, तर विद्यार्थ्याचे वर्ष धोक्यात. मग रोगी शोधत फिरणे, त्याला गाडीभाडे देणे, आदल्या रात्री फोन करणे, असे प्रकार चालतात, हे त्या वाटेने गेलेला कोणीही सांगेल. ज्या म्हाताऱ्याला घरात कोणी विचारत नाही, त्याला परीक्षेच्या सकाळी भाव येतो. दुसऱ्या दिवशी तो भाव उतरतो. बदली कामगाराचे आयुष्य ज्याने पाहिले आहे, त्याला हा बाजार ओळखीचा वाटेल.

२००६ साली मी वडिलांना जिल्ह्याबाहेरील एका दंत महाविद्यालयात घेऊन गेलो. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. वडील तेव्हा ७३ वर्षांचे होते. जो विद्यार्थी आला तो एकवीस-बावीस वर्षांचा, तोंडावर फडके बांधलेला. त्याने विचारले, “आजोबा, किती वर्षे दात नाहीत?” वडील गप्प. त्याने आवाज चढवून पुन्हा विचारले. वडील त्याच्याकडे टक लावून गप्पच. तिसऱ्यांदा तो ओरडला, आणि मग माझ्याकडे वळून, वडिलांच्या डोक्यावरून, म्हणाला, “यांना समजत नाही का?” कागदावर त्याने रोगी सहकार्य करीत नाही अशा अर्थाचे काही लिहिले. माझ्या अंगातला युनियनवाला जागा झाला. परत येताना एस.टी. स्टँडवर मी तक्रारीचा अर्ज मनात लिहीतच होतो, तेव्हा वडील म्हणाले, “त्याच्या तोंडाले फडकं होतं. मले त्याचे ओठच दिसत नव्हते. तू कायले चिडतं? पोरगं घाबरलं होतं. त्याचा हात पाह्यला नाही का तू?”

मी हात पाहिला नव्हता. वडिलांनी पाहिला होता. मागावर नव्या पोराला शिकवलेल्या माणसाची नजर प्रथम हाताकडे जाते.

दुसऱ्या खेपेस मी त्या मुलाला मागाची आणि ओठ वाचण्याची गोष्ट सांगितली. त्याने दोन पावले मागे होऊन फडके खाली केले आणि सावकाश बोलला. वडिलांनी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले, दोन उत्तरे जास्तच दिली. मापाचा लगदा तोंडात असताना त्यांना उबळ आली तेव्हा त्या मुलाचे मनगट कापू लागले. वडिलांनी ते धरले आणि उबळ जाईपर्यंत स्थिर ठेवले. नंतर तो मला व्हरांड्यात म्हणाला, की म्हाताऱ्या रोग्याची त्याला धास्ती वाटते. रक्तदाब, साखर, हृदयाच्या गोळ्या, खुर्चीतच काही झाले तर काय करायचे, हे कोणी हाताला धरून दाखवले नव्हते. अशा रोग्याला लवकर वाटेला लावले की सुटल्यासारखे वाटते, असेही तो प्रांजळपणे म्हणाला.

त्या दिवशी मला अनास्थेचे मूळ दिसले. १९६९ साली अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट बटलर यांनी वयावरून माणसाला हीन लेखण्याच्या वृत्तीला एक स्वतंत्र नाव दिले. वर्णद्वेषासारखाच हा एक द्वेष आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगातला दर दुसरा माणूस ही वृत्ती बाळगतो. अलीकडे दंतविद्यार्थ्यांची ही वृत्ती मोजण्यासाठी खास प्रश्नावल्या निघाल्या आहेत आणि अनेक देशांत त्या वापरल्या जातात. मोजमाप उपयोगी आहे. परंतु त्या मुलाच्या मनात द्वेष नव्हता. त्याच्या हाताला जे येत नव्हते, ते झाकण्यासाठी त्याने आवाज चढवला होता. नवा जॉबर मागाची खोड सापडली नाही की विणकरावर ओरडतो; त्यातलाच हा प्रकार.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. मेणाचे दात लावून पाहायच्या आधीच त्या मुलाची त्या विभागातली पाळी संपली. अर्धे कापड मागावर असताना विणकर बदलला. दुसऱ्याने दात लावले, तिसऱ्याने कवळी हातात दिली. त्याच मुलाला काम पुरे करू द्यावे असा मी अर्ज दिला. त्याचे उत्तर आले नाही. वरची कवळी बरी बसली. खालची टोचू लागली. दोन खेपा झाल्या, प्रत्येक वेळी नवा चेहरा, पुन्हा पहिल्यापासून हकीकत. हिंगणघाटहून जाण्यायेण्यात दिवस मोडे. वडिलांनी खालची कवळी स्टीलच्या डबीत ठेवून दिली आणि लग्नकार्यापुरती बाहेर काढू लागले. विद्यार्थ्यांच्या हिशेबात ती कवळी पुरी झाली. कोटा भरला. वडील मात्र भाकर वरणात कुस्करूनच खात राहिले.

यात कोणा एका विद्यार्थ्याचा किंवा गुरुजनाचा अपराध नाही. व्यवस्थाच अशी, की विद्यार्थ्याला आपल्या कामाचे फळ दिसत नाही. ज्याने माप घेतले त्याने महिन्याने तोच माणूस जेवताना पाहिला नाही, तर त्याच्या हाताला आपली चूक कशी कळावी? आणि चूक न कळता आलेला आत्मविश्वास कितीसा टिकणार?

काळही आता पुढे गेला आहे. २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसे देशात १० कोटी ३८ लाख भरली, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के. दंत महाविद्यालये तीनशेच्या वर झाली. म्हातारा रोगीही बदलला. त्याच्या तोंडात काही दात आहेत, काही नाहीत, हिरड्या सुटल्या आहेत, आणि खिशात चार प्रकारच्या गोळ्या आहेत. काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते आणि कीड वाढते. काहींनी रक्त लवकर थांबत नाही. आमच्या विदर्भात खर्ऱ्याने तोंडच पुरते उघडत नाही असे रोगी तर तरुणपणापासून तयार होतात. हे सारे सांभाळणे कवळीच्या प्रकरणात मावत नाही. तरी पदवीच्या अभ्यासक्रमात वृद्धांचे दंतवैद्यक हा स्वतंत्र परीक्षेचा विषय झालेला नाही. १९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. नव्या व्यवस्थेने या उणिवेकडे पाहावे, अशी अपेक्षा बाळगण्यास हरकत नाही.

दात जाणे अटळ नाही, हे जपानने दाखवून दिले. ८० व्या वर्षी स्वतःचे २० दात, असा उद्घोष तेथे १९८९ साली सुरू झाला. तेव्हा त्या वयाच्या दहा माणसांत एकालाही हे साधलेले नव्हते. २०१६ च्या पाहणीत निम्म्याहून अधिक लोकांना ते साधल्याचे दिसले. तीस वर्षांच्या आत एका देशाने म्हातारपणाची व्याख्या बदलली.

आपल्याकडे सोयी अगदीच नाहीत असे नाही. त्या विखुरलेल्या आहेत. २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना काठी, श्रवणयंत्र, चष्मा यांच्याबरोबर कवळीही देण्याची तरतूद झाली. राज्य विम्याच्या नियमांत अशी सवलत आहे, की किमान पाच वर्षे विमेदार राहून वयोमानाने निवृत्त झालेला कामगार दरमहा १० रुपयांप्रमाणे वर्षाची वर्गणी एकदम भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे औषधपाणी चालू ठेवू शकतो. हा नियम किती निवृत्त कामगारांना माहीत आहे? २०१४ साली भविष्यनिर्वाह निधीची किमान पेन्शन दरमहा १,००० रुपये ठरली, तेव्हा आमच्या सभासदांनी आधी किराण्याचा हिशेब केला. दातांचा हिशेब कोणी केला नाही. आणि आम्ही काय केले? माणूस निवृत्त झाला त्या महिन्यात त्याची वर्गणी थांबली आणि त्याचे नाव आम्ही वहीतून काढले. म्हाताऱ्याविषयीच्या अनास्थेचा आरोप मी विद्यार्थ्यांवर ठेवायला निघालो होतो; ती अनास्था आमच्या वहीत आधीपासून होती.

उपायाचा नमुनाही आमच्या जिल्ह्यातच आहे. सेवाग्रामला १९३९ साली कुष्ठरोगाने गांजलेले परचुरे शास्त्री आले, तेव्हा आश्रमात भीती होतीच. गांधीजींनी भाषणाने ती घालवण्याऐवजी रोज स्वतःच्या हाताने त्यांना मालीश सुरू केली. पुढे १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या नेतृत्वाखाली तेथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा हीच रीत शिक्षणात आली. नवे विद्यार्थी प्रथम आश्रमात राहतात. मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि विद्यार्थ्यांकडे काही कुटुंबे सोपवली जातात. तीच घरे, तीच माणसे, पुन्हा पुन्हा. अशा विद्यार्थ्याला म्हातारा माणूस प्रथम भेटतो तो त्याच्या स्वतःच्या ओसरीवर, जेथे तो यजमान असतो आणि विद्यार्थी पाहुणा. दंतविद्यार्थ्यांच्या आंतरवासितेतही तीन महिने समाजात जाऊन काम करण्याचे ठेवलेले आहेत. ते तीन महिने निवृत्त कामगारांच्या वस्तीत घालवावेत. एका म्हाताऱ्याची कवळी एकाच विद्यार्थ्याने शेवटपर्यंत करावी. आणि ती हातात दिल्याच्या दिवशी काम पुरे न धरता, महिन्याने तो माणूस काय खाऊ शकतो ते पाहून धरावे. एवढे तीन फेरफार केले, तर आस्थेवर वेगळे व्याख्यान देण्याची गरज पडणार नाही, असे मला वाटते.

आमच्या बाजूने आम्ही एक लहानसे काम सुरू केले आहे. जो निवृत्त कामगार दातांसाठी जायला निघतो त्याला कचेरीतून चार ओळींची चिठ्ठी देतो. पहिल्या ओळीत, त्याने आयुष्यभर कोणत्या खात्यात काय काम केले. दुसरीत, त्याला कोणत्या कानाने ऐकू येते, की ओठ पाहावे लागतात. तिसरीत, कोणत्या गोळ्या चालू आहेत. चौथीत, त्याला काय खावेसे वाटते. पहिल्या तीन ओळी आम्ही विचारून लिहितो. चौथी मात्र प्रत्येक जण आपण होऊन सांगतो, आणि तिला कधी कधी चिठ्ठीची मागची बाजूही पुरत नाही.

वडील २०१३ साली गेले. त्यांच्या वेळी अशी चिठ्ठी नव्हती. असती तर चौथ्या ओळीत त्यांनी हुरडा लिहिला असता.